सांगोमाच्या उंबऱ्यावर: झुलू विधींना पाहुणे म्हणून जाताना

पहिल्यांदा सांगोमाकडे, म्हणजे पूर्वजांना विचारून निदान सांगणाऱ्या झुलू बाईंकडे, गेले ती वहीत सतरा प्रश्न लिहून. दक्षिण आफ्रिकेत डरबनमध्ये नोकरीला लागून आठ महिने झाले होते. ऑफिसातल्या एका झुलू सहकारी बाईंनी त्यांच्या ओळखीच्या सांगोमाकडे न्यायचं कबूल केलं होतं, आणि मी मुलाखत घ्यायला निघाल्यासारखी निघाले होते. डरबनजवळच्या इनांडातल्या त्या घरी दोन तास अंगणात बसले. बोलावणं आलं तेव्हा चपला घालूनच उंबरा ओलांडला, भिंतीला टेकून उभी राहिले आणि "रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" म्हणत फोन काढला. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. सहकारी बाईंशी झुलूत चार वाक्यं बोलल्या, आणि मला मराठमोळ्या स्वागतसमारंभाच्या अपेक्षेत असताना एवढंच कळलं, की आज पूर्वज बोलत नाहीयेत. पाच मिनिटांत मी पुन्हा अंगणात.

त्याच घरी पुढे मी बऱ्याच वेळा गेले. चहा प्यायले, एका कार्याला कांदे चिरले, एकदा सल्ल्यालाही बसले. तिथे आणि इतरत्र ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय. मी श्रद्धाळू नाही. अंनिसच्या पुस्तिका वाचत मोठी झालेली आहे. पण दुसऱ्याच्या देवघरात जाताना आपली श्रद्धा तपासली जात नाही, रीत तपासली जाते.

१. आधी शब्द नीट करा

"विच डॉक्टर" हा शब्द डरबनच्या विमानतळावरच सोडून द्या. तो नुसता जुनाट नाही, उलटा आहे. झुलूत वाईट हेतूने करणी करणाऱ्याला उम्थाकाथी म्हणतात, आणि त्याचा बंदोबस्त करायला लोक सांगोमाकडे जातात. म्हणजे चोर आणि पोलीस यांना एकच नाव दिल्यासारखं.

इसांगोमा (अनेकवचन इझांगोमा) म्हणजे पूर्वजांच्या मदतीने दुखण्याचं किंवा संकटाचं मूळ सांगणारी व्यक्ती. यात बायकांची संख्या मोठी. इन्यांगा म्हणजे झाडपाल्याचा जाणकार, परंपरेने बहुतेक पुरुष. तिसरा प्रकार उम्थांडाझी: चर्चच्या परंपरेतला, प्रार्थना, पाणी आणि मेणबत्त्या वापरणारा. प्रत्यक्षात या सीमा पुसट झाल्या आहेत, एकच व्यक्ती दोन्ही कामं करताना दिसते. तरी कोणाकडे चाललो आहोत ते विचारून घ्या.

सांगोमा कोणी हौसेने होत नाही. पूर्वज बोलावतात: आजारपणातून, स्वप्नांतून. मग गुरूच्या, म्हणजे गोबेलाच्या, घरी राहून शिकायचं. या काळाला उकुथ्वासा म्हणतात आणि शिकणाऱ्याला इथ्वासा. काही महिने ते काही वर्षं लागतात.

आणि अमाड्लोझी, म्हणजे पूर्वज. हे देव नव्हेत. देव उम्वेलिन्कांगी, तो दूर असतो. अमाड्लोझी घरातच असतात, दारासमोरच्या मागच्या भिंतीपाशी. आपले पितर वर्षातून पंधरा दिवस येतात. यांचा मुक्काम कायमचा.

जाता जाता आपल्या फायद्याचं एक: झुलूतले अनेक वर्ण महाप्राण आहेत. इंग्रज माणूस "उमुथी" (झाडपाल्याचं औषध) आणि "इम्पेफो" (धुपासारखी जाळायची वनस्पती) यांची वाट लावतो. आपल्याला थ, ख, फ घरचेच. जिभेच्या टकटक आवाजांवर मात्र हसू होणारच, होऊ द्या.

२. नेमकं काय बघायचंय ते ठरवा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण "झुलू संस्कृती" या एका पाटीखाली पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

*रंगमंचावरचा कार्यक्रम.* डरबनहून पाऊण तासाच्या आत बोथाज हिलला फेझुलू आहे, हजार टेकड्यांच्या दरीच्या कडेला. तिथे नाच, झोपड्या आणि सांगोमाचा एक छोटा प्रवेश असं सगळं मिळतं. लहान मुलं बरोबर असतील तर जरूर जा. हे नाटक आहे, ते लपवतही नाहीत. फक्त तिथून परत येऊन "आम्ही सांगोमाला भेटलो" असं सांगू नका.

*वॉरविकचा बाजार.* डरबनच्या मध्यात, बेरिया स्टेशनच्या अंगाला, अर्धवट सोडलेल्या उड्डाणपुलावर जडीबुटीचा बाजार भरतो. सालींचे भारे, कंद, मुळ्या, वाळलेल्या प्राण्यांचे अवयव, आणि लोखंडी कांबीने साल कुटण्याचा अखंड ठोका. एकट्याने भटकू नका. तिथल्या विक्रेत्यांबरोबर काम करणारी 'आसिये ईताफुलेनी' ही संस्था वाटाड्यासह फेऱ्या काढते, त्यातून जा. खालच्या ब्रूक स्ट्रीटच्या बाजाराला लागून बादशाह पीरांचा दर्गा आहे. १८६० मध्ये गिरमिटियांना घेऊन 'ट्रुरो' जहाज मद्रासहून डरबनला आलं, त्या काळातलं हे नाव. जडीबुटी, दर्गा आणि मसाल्याची दुकानं दहा मिनिटांच्या चालीत. डरबन असं आहे.

*सार्वजनिक सोहळे.* सप्टेंबरच्या सुरुवातीला नोंगोमाजवळ एन्योकेनी राजवाड्यावर उम्खोसी वोम्ह्लांगा, म्हणजे बोरूच्या नृत्याचा सोहळा होतो. झुलूंचे राजे गुडविल झ्वेलिथिनी यांनी तो पुन्हा सुरू केला. हजारो मुली पाणथळीतून बोरू आणून राजाला अर्पण करतात. २४ सप्टेंबरला क्वाडुकुझाला झुलू राजा शाकाच्या स्मारकापाशी लोक जमतात; १८२८ मध्ये शाका तिथेच मारला गेला.

शेंबेंचे मेळावे हा आणखी वेगळा मामला. इझाया शेंबेंनी १९१० च्या सुमारास स्थापलेलं हे चर्च, त्यात बायबलही आहे आणि झुलू नृत्यही. जानेवारीत न्ह्लांगाकाझी डोंगराची अनवाणी यात्रा असते. वारी पाहिलेल्या माणसाला पाय ओळखीचे वाटतील. शेंबेंच्या आवारात चपला बाहेर, बायकांनी डोकं झाकायचं, शनिवार विश्रांतीचा. त्यांच्या इनांडातल्या आवाराजवळच गांधीजींची १९०४ ची फिनिक्स वसाहत आहे, एकाच दिवसात दोन्ही होतात.

*घरातलं कार्य.* झुलूत पूर्वजांसाठीच्या विधीला उम्सेबेन्झी म्हणतात. शब्दशः अर्थ "काम". आपण नाही का "घरात कार्य आहे" म्हणत? अगदी तेच. खरा अनुभव इथे आहे, आणि इथे तिकीट नसतं.

*स्वतःचा सल्ला.* सांगोमासमोर स्वतः बसणं.

माझं मत: आधी बाजार, मग बोलावणं आलं तर घरचं कार्य, आणि सल्ल्याला बसायचं तर सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलट्या क्रमाने गेले.

३. ओळखीतून जा

इंटरनेटवर शोधून थेट फोन करणारे सांगोमा मिळतात. घाई करू नका. ज्या घरात त्यांचे स्वतःचे लोक जातात तिथे आपण जायचं, आणि त्यासाठी मध्ये माणूस हवा: सहकारी, शेजारी, गेस्ट हाऊस चालवणाऱ्या मावशी, किंवा त्याच गावचा वाटाड्या. हा माणूस तीन कामं करतो. भाषा सांभाळतो, तुमची हमी देतो, आणि तुम्ही चुकलात की हळूच कोपर मारतो. कोपराचं मोल भाषेपेक्षा जास्त.

गावात मुक्काम करणार असाल तर यजमानांनी इंडुनाला, म्हणजे मुखियाला, कळवलंय ना ते विचारा. ग्रामीण भाग अजून पारंपरिक प्रमुखांच्या देखरेखीखाली आहे, आणि अनोळखी गाडी दोन दिवस उभी दिसली की चौकशी होतेच.

कार्ये बहुधा शनिवार-रविवारी असतात. डिसेंबर आणि ईस्टरला तर उधाण येतं, कारण जोहान्सबर्गला कामाला गेलेली मंडळी तेव्हा घरी परततात. कोकणात गणपतीला चाकरमानी येतात तसं. "सकाळी ये" याचा अर्थ सकाळी ये आणि संध्याकाळपर्यंत दुसरं काही ठरवू नकोस, असा घ्या.

४. पिशवीत काय काय

कागदपत्रांचं आधी. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, अटी बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी दूतावासाच्या पानावर ताजी माहिती बघा. पासपोर्टला परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस मुदत आणि दोन कोरी पानं हवीत. गाडी चालवणार असाल तर इंग्रजीत छापलेला परवाना. प्रवास विमा घ्या, खासगी दवाखाने महाग आहेत. डरबन, इनांडा, एशोवेला मलेरियाचा त्रास नाही, पण मोझांबिकच्या सीमेकडे जोझिनी, कोसी बेपर्यंत जाणार असाल तर डॉक्टरांना गोळ्यांचं विचारा.

बाकी सामान:

- बायकांसाठी गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट, खांद्यावर घ्यायला शाल किंवा ओढणी, डोक्याला रुमाल (तिकडे त्याला डुक म्हणतात). पँट घालून गावातल्या कार्याला जाऊ नका. साडी चालते, उलट कौतुक होतं, पण चुलीपाशी सांभाळा.
- पुरुषांसाठी साधी लांब पँट. टोपी दारात काढायची.
- पटकन निघणाऱ्या चपला.
- १०, २० आणि ५० रँडच्या सुट्या नोटा आणि चार सेफ्टी पिना. पिना कशाला, ते पुढे येतंच.
- यजमानांसाठी चहा, साखर, पीठ, थंड पेयाची मोठी बाटली. फुलं नकोत.
- सांगोमासाठी पांढऱ्या मेणबत्त्या किंवा तपकीर (उग्वायी). काय आणायचं ते मध्यस्थाला विचारा, प्रत्येक घराची पद्धत वेगळी.
- तुमचा स्वतःचा पाण्याचा बाटला आणि खाऊ.

वही नेली तरी चालेल, पण ती पिशवीतच राहील असं धरा.

५. अंगणापासून आतपर्यंत

फाटकाशी थांबा आणि हाक मारा. थेट आत शिरणं वाईट दिसतं. आधी नमस्कार करायचा तो आलेल्याने: एका माणसाला "सावुबोना", अनेकांना "सानिबोनानी". शब्दाचा अर्थ "आम्ही तुला पाहतो". उत्तर "येबो" असं येतं. वडीलधाऱ्यांना बाबा आणि मामा म्हणा. हो, बाबा म्हणजे बाबाच, मामा मात्र आई. माझ्या आईला फोनवर हे समजावताना पंधरा मिनिटं गेली.

सांगोमा बाई पंचविशीची असली तरी तिला "गोगो" म्हणजे आजी म्हणायचं, पुरुष असला तर "म्खुलू", आजोबा. कारण तुम्ही बोलताय ते तिच्यातल्या पूर्वजांशी. "थोकोझा गोगो" म्हणत हात जोडले किंवा हलक्या टाळ्या वाजवल्या की पुरे. लोक मध्येमध्ये "माखोसी" म्हणतील, तुम्हीही म्हणा.

देणंघेणं उजव्या हाताने, डावा हात उजव्या कोपराखाली. किंवा दोन्ही हातांनी. प्रसाद घेतल्यासारखं, एवढं लक्षात ठेवलं की चुकत नाही.

गोल घरात शिरलात की उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. मागची भिंत म्हणजे उम्सामो, पूर्वजांची जागा. तिथे जायचं नाही, तिकडे पाय पसरायचे नाहीत, तिथलं मडकं किंवा भाला उचलून बघायचा नाही. खाली बसा. वडीलधारे बसलेले असताना उभं राहून बोलणं हा तिथे उद्धटपणा, नम्रता नव्हे.

गुरांचा गोठा, इसिबाया, ही घराची दुसरी पवित्र जागा. पूर्वजांचा वावर तिथेही असतो. बाहेरच्या बायकांनी तिथे जायचं नाही. मासिक पाळीच्या दिवसांत किंवा घरात नुकतं कोणी गेलं असेल तर काही ठिकाणी सांगोमाच्या झोपडीत (इंडुम्बा) येऊ नका असं सांगतात. मला राग आला होता. पण हा राग मी माझ्या आजोळच्या देवघरापाशी पंचवीस वर्षं गिळला होता, तो इथे नेमका बाहेर काढायचा अधिकार मला होता का, ते ठरवता आलं नाही. बाहेर बसले. तुम्हाला पटत नसेल तर जाऊ नका, हेही उत्तर चालतं. आत जाऊन वाद घालणं चालत नाही.

६. सल्ल्याला बसताना

फी आधी विचारा, मध्यस्थामार्फत. रक्कम घराघरावर बदलते. घासाघीस करायची नाही. परवडत नसेल तर बसू नका. पैसे बहुधा चटईवर ठेवायला सांगतात.

आत इम्पेफो जळत असेल. ही वाळलेली रानवनस्पती, तिचा धूर म्हणजे पूर्वजांना बोलावणं. आपल्या धूपाच्या जवळपासचा, पण गवती वास. दम्याचा त्रास असेल तर आधीच सांगा, दाराजवळ जागा देतात.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरकडे जाऊन आपण तक्रार सांगतो. इथे उलट आहे. जुन्या पद्धतीत तुम्ही काहीच सांगत नाही. सांगोमा एकेक विधान करते: दुखणं घरातलं आहे, बाईमाणसाचं आहे, पोटाचं आहे. प्रत्येकाला तुम्ही टाळी वाजवून "सियावूमा" म्हणायचं. "आम्हाला मान्य". विधान लागू पडलं तर आवाज आपोआप चढतो, नाही पडलं तर मिळमिळीत निघतो, आणि त्या चढउतारावरून ती पुढे जाते. दुसरी पद्धत हाडं टाकण्याची. पिशवीत हाडं, शिंपले, नाणी, कधी फासे किंवा डॉमिनोची सोंगटीही असते. तुम्हाला पिशवीवर फुंकर घालून नाव सांगायला लावतात, मग सगळं चटईवर पसरतं आणि कोण कोणाशेजारी पडलं ते वाचलं जातं.

"हे तर आवाजावरून ओळखणं झालं!" असं तुमच्यातला तर्कवादी म्हणेल. माझ्यातला म्हणाला. आणि मग मी मुद्दाम चुकीच्या विधानाला जोरात "सियावूमा" म्हणून परीक्षा घेतली. गोगोंनी थांबून माझ्या सहकारी बाईंना विचारलं, ही खेळायला आली आहे का? फी परत करायला निघाल्या. मी माफी मागितली. हा मूर्खपणा तुम्ही करू नका. तुम्हाला खरंखोटं ठरवायचं असेल तर घरी जाऊन ठरवा.

त्यांनी मला आडनाव विचारलं, मग आजोबा कुठे पुरलेत ते. मी म्हटलं, आम्ही जाळतो, राख नदीत सोडतो. बराच वेळ शांतता. मग विचारलं, मग ते घरी कसे येतात? मी पितृपक्ष, पान, कावळा असं सगळं जमेल तसं सांगितलं. कावळ्यावर त्या खूश झाल्या. त्यानंतरचा तासभर त्याच मला प्रश्न विचारत होत्या, आणि माझे सतरा प्रश्न वहीत राहिले.

तेव्हाच मला उकुबुयीसा समजलं: मृत्यूनंतर साधारण वर्षभराने आत्म्याला घरी आणण्याचा विधी. माणूस दूर, रस्त्यावर किंवा दवाखान्यात गेला असेल तर त्याआधी घरचा कोणी त्या जागी जातो आणि उम्लाह्लांकोसी झाडाची फांदी घेऊन आत्म्याला त्यावर बसवून घरी नेतो. वाटेत फांदीशी बोलतो: आता आपण पूल ओलांडतोय, आता टॅक्सीत बसतोय. टॅक्सीत फांदीच्या सीटचे पैसे वेगळे भरतात. त्या माणसाने इतर कोणाशी बोलायचं नसतं. तेव्हा मिनीबसमध्ये काटेरी फांदी धरून गप्प बसलेलं कोणी दिसलं तर "कुठून आलात" म्हणून गप्पा सुरू करू नका, आणि शेजारची रिकामी जागा मागू नका. ते झाड, सांगायचं म्हणजे, आपल्या बोरीचं भावंड आहे.

७. घरच्या कार्याला गेलात तर

बकरा किंवा बैल कापला जाणार, हे धरून चला. तुमच्यासमोर, अंगणात. घरातला वडीलधारा इम्पेफो पेटवून कुळाची स्तुतिनामं म्हणत पूर्वजांना हाका मारतो, मग भाला चालतो. जनावर ओरडलं तर ते शुभ, पूर्वजांनी ऐकलं. हे बघवणार नसेल तर आधीच स्वयंपाकाकडे जा. तिथे हात कमीच पडत असतात, आणि कांदे चिरणाऱ्या पाहुणीला सगळे माफ करतात. तोंड फिरवून "ईई" करणं मात्र नको.

मांस लगेच शिजत नाही. काही भाग रात्रभर उम्सामोपाशी ठेवतात, पूर्वजांनी आधी चाखावं म्हणून. पित्त ज्याच्यासाठी कार्य आहे त्याच्या अंगावर शिंपडतात, आणि कातडीचं कडं, इसिफांड्ला, मनगटावर चढतं. ते आपोआप झिजून पडेपर्यंत काढत नाहीत. ऑफिसात कोणाच्या हातात केसाळ कडं दिसलं आणि जरा वासही आला, तर काही बोलू नका.

शाकाहारी असाल तर मध्यस्थामार्फत आदल्या दिवशी सांगा. डरबनमध्ये शाकाहार कोणाला नवा नाही, तिथल्या भारतीय वस्तीची कृपा. उफूथू (मक्याचा मोकळा उपमाच म्हणा), भोपळा, पालेभाजी, बीन्स मिळतात. ताटात मांस आलंच तर परत सरकवू नका, शेजाऱ्याला द्या. शेजारी नाराज होत नाही.

ज्वारी-मक्याची बिअर, उत्श्वाला, मातीच्या उखाम्बात येते, वर विणलेलं झाकण. आधी घरची बाई घोट घेते, विष नाही हे दाखवायला. मग मडकं फिरतं. बसून, टोपी काढून, दोन्ही हातांनी घ्यायचं. दारू घेत नसाल तर मडकं हातात घ्या, ओठांना लावल्यासारखं करा, आभार मानून पुढे द्या. चव आंबट, दाट, आंबिलीची आठवण करून देणारी. थोडी आहे समजून गटागटा पिऊ नका. एका पाहुण्याला आम्ही गाडीत उचलून घातलाय.

आणि पिना. मुलगी एकविशीची झाली की उमेमुलो करतात. ती भाला घेऊन नाचते, आणि नाचता नाचता कोणासमोर तरी भाला जमिनीत रोवते. ज्याच्यासमोर रोवला त्याने पैसे द्यायचे, आणि नोट तिच्या डोक्यावरच्या पेहरावाला पिनेने टाचायची. परका पाहुणा दिसला की भाला हमखास तिकडे वळतो. मी पहिल्या वेळी पाकिटात फक्त कार्ड घेऊन बसले होते.

८. पोटात काही घेऊ नका

या एका गोष्टीवर मी अडून बसते.

सांगोमा किंवा इन्यांगा उमुथी देतील: प्यायला, अंघोळीला, वाफ घ्यायला, उलटी करून पोट साफ करायला. कधी ब्लेडने बारीक चिरा देऊन त्यात भुकटी चोळतात. अंघोळीचं पाणी तुम्ही ठरवा. पण पिणं, एनिमा, उलटी आणि चिरा यांना नम्रपणे नाही म्हणा. इम्पीला नावाची एक मुळी आहे, शब्दाचा अर्थ "आरोग्य". तिने यकृत आणि मूत्रपिंड निकामी होऊन लोक दगावल्याची डॉक्टरांकडे नोंद आहे. आणि ब्लेडबद्दल: क्वाझुलू-नाताल हा एचआयव्हीचा भार जगात सर्वाधिक असलेल्या भागांपैकी एक आहे, एवढं पुरे.

नकार कसा द्यायचा? "मी डॉक्टरांची गोळी घेते, दोन्ही मिसळायला मनाई आहे." कोणालाही अपमान वाटत नाही, गोगो स्वतः रक्तदाबाची गोळी घेतात.

बाजारातून साल, कंद, कातडं, साळिंदराचे काटे, गिधाडाचं डोकं असलं काही विकत घेऊन भारतात आणू नका. गिधाडं आणि खवले मांजरं याच व्यापारापायी संपत चालली आहेत, रानआल्याचं झाड तर जंगलातून जवळपास नाहीसं झालंय. शिवाय मुंबईच्या कस्टम्समध्ये वाळकी मुळी काय आहे हे समजावणं सोपं नाही. वनस्पतींत खरा रस असेल तर डरबनच्या चॅट्सवर्थ भागात सिल्व्हरग्लेनची औषधी रोपवाटिका बघा. जंगल ओरबाडण्याऐवजी ही झाडं लावायची कशी, ते तिथे वैद्यांना शिकवलं जातं.

९. फोटो

बाजारात, विचारल्याशिवाय नाही. इंडुम्बात, नाहीच. कार्यात, यजमान स्वतः "काढ की" म्हणाले तर, आणि उम्सामो, कापणं, सांगोमाच्या अंगात आलेलं असताना सोडून. बोरूच्या सोहळ्यात मुली परंपरेने उघड्या छातीने नाचतात. तुमच्या कॅमेऱ्यातला तो फोटो व्हॉट्सॲपवर कोणत्या ग्रुपात जाऊन काय शेऱ्यांसकट फिरेल, ते तुम्हालाही माहीत आहे. काढू नका.

१०. फसवणूक ओळखायची कशी

मुंबईच्या लोकलमध्ये बाबा बंगालींचे स्टिकर पाहिलेत ना? डरबनच्या खांबांवर त्यांचे चुलतभाऊ आहेत. हरवलेलं प्रेम परत, नोकरी, लॉटरी, सगळं एका फोनवर. नावापुढे बहुधा डॉक्टर किंवा प्रोफेसर. यांच्याकडे झुलू शेजारीही जात नाहीत.

परदेशी पाहुण्यांसाठीचा सापळा जरा गोड असतो: "तुला बोलावणं आलंय, तू सांगोमा होणार." मग शनिवार-रविवारचा उकुथ्वासा, हजारो रँड, शेवटी मणी आणि प्रमाणपत्र. वर सांगितलंय, याला महिने-वर्षं लागतात. दोन दिवसांत होणारी गोष्ट वेगळी असते.

दुसरी खूण: कोणी नाव घेऊन सांगायला लागला की तुमच्यावर अमुक नातेवाइकाने करणी केली आहे, तर उठा. एखाद्यावर चेटकाचा आळ घेणं दक्षिण आफ्रिकेत १९५७ पासून गुन्हा आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१३ मध्ये कायदा झाला. पारंपरिक वैद्यांसाठी तिथे २००७ चा वेगळा कायदा आहे, त्यात सांगोमा, जडीबुटीवाले, सुईणी आणि सुंता करणारे असे चार वर्ग मानले आहेत. तरी भिंतीवरच्या चौकटीतल्या कागदापेक्षा अंगणात थांबलेली गावची माणसं मोजा. मी तरी तेच बघते.

११. निघताना

न सांगता सटकू नका. घरातल्या ज्येष्ठांना सांगा, आभार माना: "न्गियाबोंगा", सगळ्यांच्या वतीने असेल तर "सियाबोंगा". अंधार पडायच्या आत निघा. गावाकडच्या रस्त्यावर रात्री गुरं बसलेली असतात आणि दिवे नसतात. जाणाऱ्याने "सालानी काह्ले" म्हणायचं, सुखाने राहा. राहणारे म्हणतात "हांबा काह्ले", सुखाने जा. मी दीड वर्ष हे उलटं म्हणत होते, म्हणजे दर वेळी निघताना यजमानांनाच त्यांच्या घरातून घालवत होते. कोणी दुरुस्त केलं नाही. गोगो मात्र दर वेळी दाराशी येऊन हसायच्या.

घरी पोहोचलात की फोन करा. वाट बघत असतात.